घरच्या घरी गोल्फ: हॉलमध्ये, गच्चीवर आणि पावसाळ्यात करायचा सराव

जूनमध्ये पावसाने जोर धरला की पुण्या-मुंबईतल्या हौशी गोल्फरांचा सराव बंद पडतो. फेअरवेवर, म्हणजे कोर्सच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, पाणी साचलेलं असतं, आणि ड्रायव्हिंग रेंज (नुसते फटके मारायचं मैदान) शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. पावसाळा संपल्यावर पुन्हा खेळायला उतरलं की सुरुवातीचे काही राउंड हात मोकळा होण्यातच खर्ची पडतात. दोन-तीन महिन्यांची ही घसरण घरच्या सरावाने बऱ्यापैकी थांबवता येते. पटिंग (चेंडू होलकडे घरंगळत नेणं) आणि चिपिंग (होलजवळून मारलेला छोटा उडता फटका) तर रेंजपेक्षा घरी जास्त नीट सुधारतं, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रेंजवर गेल्यावर बहुतेक जण बादलीभर चेंडू ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब काठीने (क्लबने), मारून घरी येतात.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रेंजवर चेंडू कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं, घरी दिसत नाही. म्हणून घरी तेच करायचं, ज्याचा निकाल चेंडूच्या उड्डाणाशिवाय लागतो: पट कोणत्या दिशेने सुटला, चेंडू क्लबफेसच्या (क्लबच्या मारायच्या बाजूच्या) कोणत्या भागाला लागला, क्लब जमिनीला कुठे टेकला, डोकं जागेवर राहिलं का, स्विंगची लय टिकली का. खाली दिलेल्या प्रत्येक सरावात बरोबर-चूक सांगणारं काहीतरी आहे, मग ती पट्टी असेल, टॉवेल असेल नाहीतर उशी. असा पंच नसेल तर तासभर क्लब फिरवूनही आहे ती सवयच घट्ट होते. सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.

आधी छत आणि पंखा बघा

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये छताची उंची साधारण ९ ते साडेनऊ फूट असते आणि पंखा त्याच्याही फूटभर खाली लटकतो. ड्रायव्हर सुमारे ४५ इंच लांब असतो. मध्यम उंचीच्या माणसाचा पूर्ण स्विंग या छताखाली जेमतेम बसतो, पंख्याखाली बसतच नाही. म्हणून हॉलमध्ये ड्रायव्हर काढूच नका. वेज किंवा ९ नंबरचं आयर्न, असा आखूड क्लब घ्या. आधी अगदी सावकाश वरपर्यंत नेऊन थांबा, आणि क्लबचं टोक छत, भिंत, टीव्ही आणि झुंबर यांच्यापासून किमान हातभर दूर आहे ना ते बघा. फॉलो-थ्रूच्या, म्हणजे फटक्यानंतर क्लब जातो त्या, बाजूलाही हेच करा, कारण तिकडे बघायचं राहून जातं. जागा एकदा ठरली की पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि रोज तिथेच उभे राहा.

घरात लहान मुलं असतील तर दार लावून घ्या. मूल मागून कधी येतं ते कळत नाही, आणि स्विंगमधल्या क्लबची वाट कोणालाच अडवता येत नाही. फरशीवर चेंडू पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, तेव्हा दुपारच्या झोपेच्या वेळी आणि रात्री दहानंतर फक्त कार्पेटवरचं पटिंग करा.

पटिंग: घरच्या सरावाचा गाभा

पार ७२च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत अपेक्षित असलेल्या, कोर्सवर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे हिशेबाने निम्मा खेळ असा आहे, जो दहा फुटांच्या पट्ट्यावर घोटता येतो.

पहिला प्रश्न पृष्ठभागाचा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर चेंडू थांबत नाही आणि सांध्यावर दिशा बदलतो. जाड सतरंजीवर तो विणीवरून उड्या मारत जातो. ऑफिसांमध्ये अंथरतात तसल्या पातळ, दाट कार्पेटचा दोन फूट रुंद आणि आठ-दहा फूट लांब पट्टा मिळाला तर उत्तम. पटिंग मॅट विकत घेणार असाल तर शेवटी चढ असलेली घेऊ नका. चढ पार करायला चेंडू जोरात मारावा लागतो, आणि तीच सवय ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) जाते.

हा पट्टा किती वेगवान आहे हेही मोजता येतं. १९३५ साली अमेरिकेत ओकमाँटला झालेल्या यूएस ओपन स्पर्धेत ग्रीनचा भन्नाट वेग पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांनी तो मोजायचं एक साधं साधन बनवलं. आजचा स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची खाच असलेली अॅल्युमिनियमची पट्टी. चेंडू खालच्या टोकापासून ३० इंचांवरच्या खळग्यात ठेवून पट्टी हळूहळू उचलतात. साधारण २० अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट जागी जितके फूट जातो तितका त्या ग्रीनचा वेग. घरी हे करायला सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडून अॅल्युमिनियमच्या अँगलचा तीन फुटी तुकडा आणा. तो इंग्रजी व्हीसारखा धरून ३० इंचांवर खूण करा आणि ती खूण जमिनीपासून २६ सेंटिमीटर उंच येईल अशी खाली पुस्तकांची चळत लावा. खुणेवरून चेंडू सोडा आणि अंतर मोजा. खाचेचा आकार वेगळा असल्याने हा आकडा खऱ्या स्टिम्पमीटरशी जुळणार नाही. पण हाच तुकडा एकदा गोल्फ क्लबच्या सरावाच्या ग्रीनवर परवानगी काढून वापरलात, तर तुमचं कार्पेट त्या ग्रीनपेक्षा किती फुटांनी जलद किंवा मंद आहे ते कळतं. मग पट्ट्याखाली योगा मॅट घालून किंवा काढून वेग थोडाफार जुळवता येतो.

आता दिशा. यासाठी माझ्या पाहण्यात स्टेशनरीच्या दुकानातल्या एक मीटर लांबीच्या स्टीलच्या पट्टीइतकं चांगलं साधन नाही. पट्टी कार्पेटवर सपाट ठेवा, एका टोकाशी मधोमध चेंडू ठेवा आणि पट्टीच्या रेषेत पट करा. पट्टी तीन सेंटिमीटर रुंद असेल आणि चेंडू न घसरता शेवटपर्यंत गेला, तर त्याची दिशा एका अंशाच्या आत बरोबर होती. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०.८ सेंटिमीटर असतो, आणि १० फुटांवरून सपाट ग्रीनवर चेंडू होलच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण एवढाच अंशभर चुकला तर चालतो. म्हणजे पट्टी पार करणारा पट १० फुटांवरून योग्य वेगाने होलमध्ये जाणारा पट आहे. चेंडू कायम उजवीकडे घसरत असेल तर पटरचा (पटिंगच्या क्लबचा) फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो आहे, कायम डावीकडे घसरत असेल तर तो लवकर बंद होतो आहे. दोन्ही बाजूंना घसरत असेल तर बहुधा हाताच्या पकडीचा दाब मध्येच बदलतो आहे. अशा वेळी अगदी हलक्या, एकसारख्या पकडीने पुन्हा सुरुवात करा.

पट्टीवर दहापैकी सात-आठ जमू लागले की फाटक लावा. चेंडूच्या पुढे दीड फुटावर दोन बाटल्यांची झाकणं अशी ठेवा, की मधून चेंडू जाऊन दोन्हीकडे बोटभरही जागा उरणार नाही. दुसरं फाटक पटरसाठी: पटरच्या टोकाला आणि टाचेला लागून दोन टी (चेंडू टेकवायच्या खुंट्या) किंवा दोन नाणी. पटर नाण्याला लागला तर चेंडू मध्यावर बसला नाही. टायगर वुड्सचा हा आवडता सराव, आणि तो आधी एकट्या उजव्या हाताने करतो. तुम्हीही पहिले काही पट तसेच करून बघा. मनगटाची वळवळ लगेच जाणवते.

वेगाचा सराव वेगळा करावा लागतो. भिंतीशी आडवा ठेवलेला स्टीलचा पेला दिशेसाठी छान, कारण त्याचं तोंड होलपेक्षा लहान असतं. पण पेल्यात चेंडू कसाही आदळला तरी आत जातो, त्यामुळे वेग चुकलेला कळत नाही. त्याऐवजी कार्पेटवर खडूने होलएवढं वर्तुळ काढा आणि त्याच्यामागे दीड फुटावर आडवा दोरा टाका. पट वर्तुळावरून जाऊन दोऱ्याच्या आत थांबला तरच बरोबर. थोडं जमल्यावर डोळे मिटून पट करा आणि डोळे उघडायच्या आधी मोठ्याने सांगा: कमी, जास्त की बरोबर. हाताला जे जाणवतं ते आणि प्रत्यक्ष अंतर यांची गाठ अशी बसते. लांब पट तीन फुटांत आणून ठेवायची हातोटी यातूनच येते.

उभं राहणं तपासायला एक छोटा आरसा जमिनीवर ठेवा, चेंडूच्या जागी त्यावर टिकली चिकटवा आणि पटिंगच्या पवित्र्यात उभे राहा. डाव्या डोळ्याचं प्रतिबिंब टिकलीवर किंवा तिच्या किंचित आतल्या बाजूला दिसलं पाहिजे. डोळे बाहेर गेले असतील तर रेषा तिरकी दिसते आणि मग हात ती नकळत दुरुस्त करू बघतात. तपासणी झाली की आरसा उचलून ठेवा. त्यावर पट करू नका.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकही ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. घरी सपाट कार्पेटवर तुम्ही त्याहून जास्त घालाल, पण ग्रीनवर उतार असतो.

उतार शिकायला गच्ची

इमारतीची गच्ची सपाट वाटली तरी सपाट नसते. पाणी पाइपकडे जावं म्हणून तिला साधारण शंभराला एक असा उतार दिलेला असतो, आणि एक ते तीन टक्क्यांच्या उताराचे पट गोल्फमध्ये रोजचेच. खरबरीत गच्चीवर पटिंग करण्यात अर्थ नाही, पण पायांना उतार ओळखायला शिकवता येतं. चपला काढा, पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा, डोळे मिटा आणि कोणत्या पायावर जास्त भार आहे ते बघा. उतार कुठे आणि किती टक्के, याचा अंदाज बोला. मग फोनमधलं पातळी मोजणारं अॅप जमिनीवर ठेवून खातरजमा करा. अॅप अंशात सांगत असेल तर एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के धरा. पाण्याचे पाइप कुठे आहेत हे ठाऊक असल्याने मन आधीच उत्तर देऊन टाकतं, म्हणून डोळे मिटून दोन-चार गिरक्या घेऊन मगच उभे राहा.

चिपिंग: पायपुसणं आणि कपड्यांची बास्केट

घरात खरा चेंडू उडवायचा नाही. भोकांचे प्लास्टिकचे चेंडू किंवा फोमचे चेंडू आणा. चेंडू ठेवायला कृत्रिम गवताचा तुकडा घ्या आणि खाली योगा मॅट घाला, म्हणजे मनगटाला धक्का बसत नाही. काथ्याचं पायपुसणंही चालतं. त्याच्या काटेरी धाग्यांत चेंडू बसला की रफमधल्या, म्हणजे लांब गवतातल्यासारखं वाटतं.

पवित्रा असा: पाय जवळजवळ, साठ-सत्तर टक्के भार डाव्या पायावर, चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध, हात चेंडूच्या किंचित पुढे. भार डावीकडे ठेवूनच पूर्ण फटका मारायचा. चेंडू वर उचलायचा प्रयत्न केला की क्लब आधी जमिनीत घुसतो नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसतो. यावरचा पंच म्हणजे टॉवेल. चेंडूच्या मागे एक वीत अंतरावर घडी घातलेला टॉवेल आडवा ठेवा. क्लबने टॉवेल हलवला तर फटका बाद, मग चेंडू बास्केटमध्ये गेलेला का असेना.

लक्ष्य म्हणून कपड्यांची बास्केट ठेवाच, पण निम्मा वेळ बास्केटऐवजी जमिनीवर पसरलेला नॅपकिन ठेवा. खऱ्या चिपमध्ये चेंडू कुठे टेकवायचा हेच ठरवायचं असतं, पुढे तो घरंगळत जातो. तेव्हा चेंडू नॅपकिनवर पहिल्यांदा टेकला का, एवढंच मोजा. दर फटक्याला अंतर बदला, क्लबही बदला. तोच फटका वीस वेळा मारला की सोपा वाटू लागतो, पण कोर्सवर तोच फटका दुसऱ्यांदा मिळत नाही.

अपुऱ्या जागेत किती कौशल्य येतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांमधल्या कॅडी (खेळाडूंच्या क्लबची पिशवी वाहणाऱ्या) मुलांनी बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून क्लब केले आणि प्लास्टिकच्या चेंडूंनी गल्लीबोळांत गोल्फ सुरू केला. भिंती दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर, वर पत्रे, मध्ये ये-जा करणारी माणसं. तिथे चेंडू किती उंच उडवायचा आणि कुठे टेकवायचा हे आधी ठरवल्याशिवाय फटकाच मारता येत नाही. हॉलमधल्या चिपिंगला हीच अट घाला: सोफ्याच्या हातावरून न्यायचा आणि टीपॉयच्या आधी टेकवायचा, असं काही ठरवूनच क्लब उचला.

पूर्ण स्विंग, चेंडूशिवाय

पकडीपासून सुरुवात करा. टीव्ही बघताना हातात क्लब धरून बसा, दर जाहिरातीला पकड सोडून पुन्हा नव्याने घ्या. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची पेरं दिसली पाहिजेत आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. क्लब तळव्यात आडवा नको, बोटांच्या मुळाशी हवा.

मग भिंतीला पाठ करून, नितंब भिंतीला हलके टेकतील एवढ्या अंतरावर गोल्फच्या पवित्र्यात वाका. हात छातीवर आडवे घ्या. मागे वळताना उजवा नितंब भिंतीवर दाबला जावा. खाली येताना डावा नितंब भिंतीला टेकून राहिला पाहिजे. तो सुटून कंबर पुढे आली, तर तुम्ही फटक्याच्या वेळी उठून उभे राहता. टॉप (चेंडूच्या डोक्यावर बसलेला फटका) आणि शँक (क्लबच्या दांडीच्या मुळाशी लागलेला फटका) यांतूनच होतात. या सरावाला ना क्लब लागतो ना जागा. चहा उकळेपर्यंत ओट्याशेजारी उभं राहूनही होतो.

क्रिकेट खेळून गोल्फकडे आलेल्यांसाठी आणखी एक सराव. ड्राइव्ह मारताना डोकं चेंडूच्या दिशेने पुढे नेणं आणि बॅटचा सरळ पृष्ठभाग धरून ठेवणं अंगात मुरलेलं असतं. गोल्फमध्ये हे दोन्ही आडवं येतं: अंग पुढे सरकतं, फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. भिंतीकडे तोंड करून वाका, कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा, हात छातीवर घ्या आणि मागे-पुढे पूर्ण वळा. उशी पडता कामा नये, भिंतीवरून सरकताही कामा नये.

लयीसाठी फोनवर मेट्रोनोम लावा. व्यावसायिकांचे व्हिडिओ फ्रेमनिहाय मोजले तर बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो. मेट्रोनोम मिनिटाला २०० ते २२५ ठोक्यांवर ठेवा. एका ठोक्यावर क्लब हलवायला सुरुवात करा, तिथून तिसऱ्या ठोक्याला वर पोहोचा आणि चौथ्याला चेंडूच्या जागेवर या. सुरुवातीला हे फार घाईचं वाटेल, कारण बरेच हौशी खेळाडू क्लब फार सावकाश वर नेतात आणि मग एकदम खाली ओढतात.

क्लब जमिनीला कुठे टेकतो हे बघायला कृत्रिम गवतावर खडूने एक आडवी रेघ मारा. रेघ म्हणजे चेंडूची जागा. आयर्नने अर्धा स्विंग करा आणि गवत कुठून घासलं गेलं ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे हवं, मागे अजिबात नको. सोसायटीच्या बागेत मात्र डिव्हट, म्हणजे गवताची ढलपी, काढू नका. माळी आणि सेक्रेटरी दोघांचाही राग रास्त असेल.

जाळी लावायची असेल तर

बंगल्याचं आवार किंवा स्वतःची गच्ची असेल तर जाळी लावता येते, पण क्रिकेटची जाळी लावू नका. गोल्फचा चेंडू फक्त ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्रिकेटच्या जाळीची भोकं बरेचदा तेवढीच किंवा त्याहून मोठी असतात, त्यामुळे चेंडू आरपार जातो. सुमारे ४६ ग्रॅमचा हा चेंडू हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. गोल्फसाठीच विणलेली बारीक जाळी घ्या, ती ताणून न बांधता सैल सोडा आणि तिच्यामागे हातभर अंतरावर जाड ताडपत्री किंवा दुसरी जाळी टांगा. चेंडू आणि जाळी यांच्यात आठ-दहा फूट ठेवा. लोखंडी चौकटीवर फोमची नळी चढवा, कारण पाइपवर आदळलेला चेंडू सरळ मारणाऱ्याच्या अंगावर परत येतो. आपल्याकडच्या उन्हात नायलॉन कुजतं, म्हणून दर महिन्याला जाळीचे धागे हाताने ओढून बघा. सोसायटीच्या सामाईक गच्चीवर जाळी असली तरी खरा चेंडू वापरू नका, तिथे फोमचेच.

जाळीत मारताना चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका द्या आणि ठिपका क्लबकडे येईल असा चेंडू ठेवा. फटक्यानंतर फेसवर डाग उमटतो: मध्यावर, टोकाला की टाचेला ते लगेच दिसतं. ओल्या कपड्याने पुसा आणि पुढचा मारा. स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, सुधारण्याचा प्रयत्न जाळीत करू नका. वळण दिसत नसताना केलेली दुरुस्ती अंदाजाची असते आणि तिच्यातून दुसरा दोष उभा राहतो.

फोन कुठे ठेवायचा

चुकीच्या जागेवरून घेतलेला व्हिडिओ दिशाभूल करतो. मागून घेताना फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या मागे, लक्ष्याच्या रेषेला समांतर. समोरून घेताना छातीच्या बरोबर समोर, रेषेला काटकोनात. स्लो मोशनवर घ्या आणि दर वेळी एकच गोष्ट बघा. आज नितंब भिंतीवरून सुटले का एवढंच; उद्या डोकं.

रोजची वीस मिनिटं

नोकरी-धंदा सांभाळून यापेक्षा जास्त वेळ काढायची गरज नाही. पाच मिनिटं भिंत आणि उशी, दहा मिनिटं पटिंग, पाच मिनिटं चिप. पटिंगची शेवटची दोन मिनिटं एकाच चेंडूने खेळा: मागे उभं राहून रेषा बघा, सरावाचा एक हलका पट करा, मग खरा. दुसरी संधी नाही. दहापैकी किती जमले ते वहीत लिहा. पट्टीवर दहापैकी नऊ सलग आठवडाभर येऊ लागले, की फाटक अरुंद करा.

पाऊस उघडल्यावर रेंजवर पहिल्यांदा जाल तेव्हा अर्ध्या बादलीपर्यंत ड्रायव्हर पिशवीतच ठेवा. वेजने अर्ध्या स्विंगचे फटके मारत, घरी मोजलेल्या लयीत, टॉवेल चेंडूमागे ठेवूनच सुरुवात करा. चेंडू कुठे जातो हे आता पुन्हा दिसू लागलेलं असतं, आणि घरी न लागणारे निकाल, म्हणजे वळण, उंची, अंतर, इथेच लावून घ्यायचे. जे खटकेल ते वहीत लिहून घरी आणा. त्यातलं भिंत, पट्टी किंवा टॉवेल ज्याचा निकाल देऊ शकतात, ते दुसऱ्या दिवशीच्या वीस मिनिटांत घ्या. बाकीचं पुढच्या रेंजच्या फेरीसाठी राखून ठेवा.